प्रदर्शनाची बातमी प्रदर्शन संपायच्या आधी छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी तुमच्या पेपरची जुनी वाचक. पेपर वाचून झाला की रद्दीत टाकायच्या आधी कात्री घेऊन बसते, कारण गेली दहा-बारा वर्षं मी घरी हाताने कोलाज करते, म्हणजे कागदाचे तुकडे कापून-चिकटवून चित्र. क्लास वगैरे कुठलाच लावलेला नाही. जे काही शिकले ते चित्रांची प्रदर्शनं बघून बघून, आणि त्याच बाबतीत तुमच्याकडे एक मागणं आहे म्हणून हे पत्र.

गेल्या महिन्यात सोमवारी पेपरात एक फोटो आला, फीत कापताना आठ पाहुणे उभे, खाली आठही जणांची नावं पदांसकट, आणि शेवटच्या ओळीत की तीन दिवसांच्या या चित्रप्रदर्शनाची काल सांगता झाली. आमच्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर! चित्रं कसली होती, जलरंग की तैलरंग, कुणी कशावर काय काम केलं होतं, एक शब्द नाही, आणि त्या आठ पाहुण्यांच्या मागे भिंतीवर एका चित्राचा फक्त कोपरा दिसत होता. मी तो फोटो बराच वेळ बघत बसले, खूप वाईट वाटलं.

तुम्ही म्हणाल मोबाइलवर सगळं दिसतं की आता. दिसतं, पण सगळं एकाच मापाचं दिसतं. पिकासोने 1912 साली वेताच्या विणीची छपाई असलेलं मेणकापड चित्रात चिकटवलं आणि भोवती खरा दोर लावला, ते चित्र जेमतेम 29 बाय 37 सेंटिमीटरचं आहे म्हणजे उघडलेल्या वहीएवढं. आणि फ्रेंच चित्रकार मातिसचं रंगीत कागद कापून केलेलं 1953 चं ‘गोगलगाय’ जवळजवळ तीन मीटर बाय तीन मीटर, आमच्या हॉलच्या भिंतीवर मावणार नाही. मोबाइलवर दोन्ही तळहाताएवढीच. मग कागदाचा तुकडा केवढा कापायचा, मोकळी जागा किती सोडायची हे कसं कळणार? ते चित्रासमोर उभं राहिल्यावरच कळतं, आधी चार पावलं मागे जाऊन आणि मग पार जवळ जाऊन, अर्थात हात न लावता.

मला कळलं ते असं. इथे शाहू स्मारकच्या कलादालनात जलरंगातली निसर्गचित्रं लागली होती. कोल्हापुरात अशी चित्रं करणारे पहिल्यापासूनच भरपूर, त्यामुळे सहज म्हणून गेले. एका चित्रात पंचगंगेचा घाट होता पावसातला, आणि मी जवळ जाऊन बघते तर पाण्यावरची चमक रंगवलेलीच नव्हती, तिथे नुसता कोरा कागद सोडलेला! तोवर मी कोलाजमध्ये एक इंच मोकळा ठेवत नव्हते, सगळीकडे तुकड्यावर तुकडा. घरी येऊन तोच घाट करायला घेतला. किराणा दुकानातली खाकी पिशवी हाताने फाडली, कात्री नाही लावली, कारण कागद एका बाजूने सरळ फाटतो आणि दुसऱ्या बाजूने वेडावाकडा, त्या वेड्यावाकड्या कडेत पाण्याची लाट आपोआप येते. रविवारच्या पुरवणीचा रंगीत कागद फाडला तर कडेला बारीक पांढरी रेघ सुटते, ती मी पूर्वी लपवायचे, या वेळी तीच पायरीची कड म्हणून वर ठेवली. दीपमाळ लग्नपत्रिकेच्या सोनेरी पट्टीतून कापली. आणि मधे हातभर जागा कोरी सोडली. माझं मला पटलेलं पहिलं कोलाज ते.

वर्षातून एकदा महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबईलाही जाते, जाऊबाई दादरला असतात. जहांगीर कलादालन 11 वाजता उघडतं, तिकीट नाही, तिथून पुढे चालत जाऊन एनजीएमए, म्हणजे आधुनिक कलेचं राष्ट्रीय संग्रहालय, बघायचं (सोमवारी ते बंद असतं, एकदा तशीच परत आलेय). याच जहांगीरमध्ये 1965 साली चित्रकार भूपेन खक्करांनी बाजारात मिळणाऱ्या देवादिकांच्या छापील चित्रांचे कोलाज मांडले होते. हे वाचलं तेव्हा माझा जीव भांड्यात पडला, कारण माझ्याकडे कॅलेंडरं आणि पत्रिकांवरच्या गणपतींचा ढीग आहे, शेजारच्या बायका आणून देतात, देवाचा फोटो कचऱ्यात कसा टाकायचा म्हणून. मी अजूनही देवाच्या चेहऱ्यावरून कात्री फिरवत नाही, कडेकडेनेच कापते, पण आता ते चित्रात घेताना संकोच वाटत नाही.

आणि शांतिनिकेतनचे चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जी, 1957 च्या सुमारास त्यांची दृष्टी पूर्ण गेली आणि त्यानंतर त्यांनी हाताने चाचपून कागद कापून चित्रं केली. त्यांची ती कामं प्रत्यक्ष बघायची फार इच्छा आहे. आपल्या भागात कधी आली तर निदान आधी कळावं एवढंच.

आता मागणं सांगते. दर गुरुवारी एक छोटी चौकट द्या. त्यात प्रदर्शन कुठे, किती ते किती, शेवटचा दिवस कोणता आणि कशातली चित्रं आहेत एवढं एका ओळीत. शाळांची, कॉलेजांची प्रदर्शनंही घ्या त्यात, तिथे पोरं काय काय भन्नाट करतात. आणि उद्घाटनाचा फोटो छापायचाच असेल तर पाहुण्यांच्या जागी एक चित्र छापा ना, चित्रकाराचं नाव आणि चित्राची लांबी-रुंदी खाली लिहून. जागा तेवढीच लागेल. कामावरून सुटून येणाऱ्या माणसाला, शाळेतल्या चित्रकलेच्या सरांना, माझ्यासारख्या घरी बसून काम करणाऱ्या बाईला गुरुवारी कळलं तर शनिवार-रविवारी जाता येतं. रविवारी संपलेलं सोमवारी कळून काय उपयोग?

माझी तयारी आहे, शहरातल्या दालनांत फोन करून दर आठवड्याची यादी मी स्वतः लिहून तुमच्या ऑफिसात आणून देईन. कुठल्या टेबलावर आणि कुठल्या वारी द्यायची तेवढं कळवा.

आपली,
एक वाचक, कोल्हापूर