टाळ्या वाजवणारी बाई

शिकागो,
रविवार संध्याकाळ

ती. मावशीस,
सा. न.

परवा फोनवर तू भजनी मंडळातल्या त्या नव्या सुनेवर इतकी तापली होतीस की मला तोंड उघडायला वावच मिळाला नाही. देवापुढे टाळ्या पिटत झुलायचं म्हणजे काय, तमाशा आहे का, वगैरे. म्हणून हे पत्र, महालिया जॅक्सन या कृष्णवर्णीय अमेरिकन भक्तिगीत गायिकेबद्दल. पत्राला मध्येच तोडता येत नाही!

आज सकाळी आमच्या वॉर्डातल्या एक बाई मला त्यांच्या चर्चमध्ये घेऊन गेल्या. म्हाताऱ्यांच्या डोक्यावर परातीएवढ्या टोप्या, हातात काडीला चिकटवलेले पुठ्ठ्याचे पंखे. गाणं सुरू झालं तसे पंखे मांडीवर गेले, कारण टाळीला दोन्ही हात लागतात. टाळी पडते दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. मी, तुझ्या हाताखाली झांज शिकलेली, दहा मिनिटं चुकत होते.

येताना त्यांनी पिल्ग्रिम बॅप्टिस्ट चर्च दाखवलं. २००६च्या आगीत आतलं सगळं गेलं, नुसत्या भिंती उरल्या. भक्तिगीतं रचणारा थॉमस डॉर्सी इथला संगीतप्रमुख होता. आधी तो ब्लूज वाजवायचा, इथल्या कृष्णवर्णीयांचं, देवाधर्माचं नसलेलं संगीत. म्हणजे लावणीचा ढोलकीवाला कीर्तनात येऊन बसावा तसं. त्याच्या गाण्यांचे छापील कागद खपावेत म्हणून रस्त्याच्या कोपऱ्यावर उभं राहून ती गाणी गाऊन दाखवायची महालिया जॅक्सन. हीच ती.

जन्म १९११चा, न्यू ऑर्लिन्सचा. लहानपणीच आई गेली, मावशीनं वाढवलं. मावशी कडक, घरात देवाच्या गाण्याशिवाय दुसरं चालायचं नाही. (इथे मला हसू आलं, तू रागावू नकोस.) पण घराला लागूनच दुसऱ्या पंथाचं छोटं चर्च होतं. तिथे ऑर्गन नाही, शिस्तीत उभे गाणारे नाहीत. ढोल, झांजा, खंजिरी आणि जमिनीवर आपटणारे पाय. तिच्या गाण्यातला ठेका तिथून आला, असं ती स्वतः सांगायची.

सोळाव्या वर्षी ती शिकागोला आली. लोकांची धुणी धुतली, हॉटेलात खोल्या साफ केल्या, पुढे स्वतःचं ब्यूटी पार्लर काढलं. आणि इथल्या प्रतिष्ठित चर्चांनी नाकं मुरडली. त्यांना ताठ उभं राहून, कागदावर बघून गायलेलं हवं होतं. हिचं टाळ्या वाजवणं, डोलणं त्यांना गावठी वाटायचं. मावशी, शब्द ओळखीचे वाटतात का?

मग १९४७ मध्ये तिची एक रेकॉर्ड लाखांनी खपली, १९५०ला न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये गायली. तरी गोऱ्यांच्या वस्तीत घर घेतलं तेव्हा तिच्या खिडक्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या. १९६३ साली वॉशिंग्टनला नागरी हक्कांसाठी निघालेल्या मोर्चात मार्टिन ल्यूथर किंग बोलायच्या आधी ही गायली. नंतर त्यांचं लिहून आणलेलं भाषण चालू असताना मागून हिनेच ओरडून सांगितलं, लोकांना स्वप्नाचं सांग! पुढचं ‘माझं एक स्वप्न आहे’ तू शाळेत वाचलं असशील. पाचच वर्षांनी किंग यांच्या अंत्यविधीत डॉर्सीचं गाणं तिनेच म्हटलं.

आता तुझ्या बाजूचंही सांगते, नाहीतर म्हणशील भाची उलटली. ब्लूज गा, नाइट क्लबात गा, पैसा मिळेल, म्हणून कितीजण मागे लागले. एकदाही गेली नाही. आणि भोळी म्हणशील तर तेही नाही. लोक बुडवतात हे कळल्यावर ठरलेली रक्कम रोख हातात घेतल्याशिवाय ती स्टेजवर चढत नसे. आपल्या मंडळाला नारळ नि शंभराची नोट देऊन रात्रभर गाऊन घेणाऱ्यांच्या तावडीत ती सापडायला हवी होती.

आणि ऐक, १९७१ साली ती भारतात आली होती. दिल्लीत इंदिराबाई ऐकायला होत्या. कोलकाता, मद्रास, मुंबई, सगळीकडे गायली. तेव्हा तू परळला मामांकडे होतीस ना? काही कानावर आलं होतं का, आठवून सांग. पुढच्या जानेवारीत ती गेली, अवघ्या साठाव्या वर्षी.

येत्या एकादशीला त्या सुनेला तुझ्या शेजारी बसव आणि तुझी जुनी पितळी झांज तिच्या हातात दे. ठेका चुकली तर खुशाल रागाव. झुलली तर मात्र बघितलं न बघितलं कर.

तुझी,
मंजू

ता. क. मेतकूट संपलं. येणाऱ्या कुणाबरोबर तरी पाठव.