वेंगुर्ल्याच्या रिक्षावाल्या काकांस

काका, सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला लागले की तुम्ही "ता ऱ्हवांदे, आवशीची तब्येत कशी असा?" म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय.

गेल्या माघात आम्ही वेंगुर्ल्याला आलो तेव्हा आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन होऊन वर्ष उलटलं होतं. त्याआधी एकदा तिला एका गजबजलेल्या किनाऱ्यावर नेलं होतं. नेमकी भरतीची वेळ. पाणी पार वर आलेलं, उरलेल्या कोरड्या वाळूत काठी रुतत होती. दहा पावलांत ती मागे फिरली आणि आमचं खेळून होईपर्यंत गाडीत बसून राहिली. नंतर तिने समुद्राचं नाव काढलं नाही.

तुम्हाला आम्ही सकाळी दहाला सागरेश्वरच्या किनाऱ्यावर सोडायला सांगितलं. तुम्ही आधी आईच्या काठीकडे पाहिलंत, मग आज तिथी कुठली ते विचारलंत. चतुर्दशी. रिक्षा चालू न करताच तुम्ही हिशेब मांडलात: तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. चौदाची पाऊणपट साडेदहा. साडेदहाला पूर्ण भरती, तिथून सहा तासांनी, साडेचारच्या सुमाराला, पूर्ण ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, पाणी जेवढं वर चढतं तेवढंच लांब मागे जातं, आणि मागे राहिलेली ओली वाळू फरशीसारखी टणक होते. "चार वाजता येतंय," म्हणालात. दिवसाचं भाडं हातचं सोडून निघूनही गेलात.

चारला सुरूच्या झाडांपलीकडे समुद्र खरोखरच लांब गेला होता. कोरड्या वाळूचा पट्टा तेवढा अवघड होता. तिथे एका बाजूने तुम्ही आणि एका बाजूने मी. ओल्या वाळूवर पोहोचल्यावर आईने माझा हात सोडला. ती काठी टेकत एकटी पाण्यापर्यंत गेली आणि घोटाभर पाण्यात कितीतरी वेळ उभी राहिली. सूर्य अजून मावळला नव्हता आणि मागे सुरूच्या शेंड्यांवर चंद्र आला होता. मी त्या क्षणी तुमच्याशी काही बोलू शकले नाही. ते आज बोलतेय.

पुढचे दोन दिवस तुम्ही आम्हाला फिरवलंत तेही आईच्या पायांच्या आणि पाण्याच्या बेताने. भोगव्याला खाली उतरण्याआधी वरच्या वळणावर थांबवलंत. तिथून कर्ली नदी समुद्राला मिळते ती जागा आणि पलीकडे नदी-समुद्राच्या मधली देवबागची चिंचोळी पट्टी आईला बसल्या जागी दिसली. निवतीला आम्ही किल्ल्यावर चढलो, तुम्ही खाली आईसोबत होड्यांजवळ बसलात. शिरोड्याला मिठागरं दाखवलीत. 1930 च्या मिठाच्या सत्याग्रहाबद्दल आई तुम्हाला सांगत होती की तुम्ही तिला, कोण जाणे, दोघंही रंगला होतात.

मोचेमाडचं मात्र मला कधीच विसरता येणार नाही. माझा भाचा नदीच्या मुखाशी पाण्यात शिरत होता. पाणी गुडघ्याएवढं, संथ दिसणारं. तुम्ही धावत जाऊन त्याचा दंड धरलात. "थंय नको रे झिला, सुकतीचा पाणी भायर ओढता." उधाणाच्या ओहोटीला खाडीतलं सगळं पाणी त्या अरुंद तोंडातून समुद्राकडे धावतं, वरून कळत नाही, पायाखालची वाळू सरकते. आम्हाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिथे पाटी असती तरी आम्ही ती वाचली असती का, सांगता येत नाही. तुम्ही होतात म्हणून पोरगं सुखरूप आहे. किनाऱ्यावर जाणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावं असं मला वाटतं: नदी जिथे समुद्राला मिळते तिथे ओहोटीच्या वेळी पाण्यात उतरू नका.

आणि वायंगणी. तिथले गावकरी कासवांची घरटी राखतात हे आम्ही ऐकून होतो. तुम्ही संध्याकाळीच मोबाइलचे टॉर्च बंद करायला लावलेत, कारण पिल्लं उजेडाच्या दिशेने जातात आणि समुद्र चुकतो. आम्हाला पिल्लं दिसली नाहीत. अंधारात जाळीने वेढलेलं एक घरटं पाहिलं, तेवढ्यानेही आई हरखून गेली होती.

निघताना तुम्ही ठरल्यापेक्षा एक रुपया जास्त घेतला नाहीत, वर आवशीसाठी कोकमं बांधून दिलीत. ती संपत आली आहेत.

काल आई कालनिर्णय घेऊन बसली होती. चतुर्थीची पाऊणपट तीन, म्हणजे ओहोटी सकाळी नऊला, तेव्हा ऊन कमी असेल असं तिने स्वतःच काढलं. मार्गशीर्षातल्या चतुर्थीला सकाळी आठला रिक्षा घेऊन या, असं तिने सांगितलंय.

तुमची,
सागरेश्वरच्या वाळूत चालणाऱ्या आईची मुलगी