त्या ट्रॅक्टरवाल्या मामांना आणि अज्जीला थँक्यू

२०१९ च्या ऑगस्टमधला पूर आठवतोय ना, हिरण्यकेशी, वेदगंगा सगळ्या एकदमच फुगलेल्या, यमगर्णीजवळ हायवेवर पाणी. तेव्हा मी १९ वर्षांचा, आणि गल्लीतली आम्ही पाच पोरं बेळगावातनं तांदूळ, पीठ, चादरी गोळा करून टेम्पोनं संकेश्वरच्या बाजूला निघालेलो. कुणाला विचारलं नाही, रस्ता बघितला नाही, हुशारी फार!

आतल्या रस्त्याला टेम्पो चिखलात रुतला तो रुतलाच, वरनं पाऊस, मोबाईलला रेंज नाही, आणि आमच्यात कन्नड धड कुणालाच येत नव्हतं (शाळेत शिकलेलं सगळं ऐनवेळी गायब). खरं सांगतो, मला रडू यायचंच बाकी होतं.

तेवढ्यात एक मामा ट्रॅक्टर घेऊन आले. आधी काय केलं तर स्वतःच्या ट्रॉलीवरची ताडपत्री काढून आमच्या पिठाच्या पोत्यांवर टाकली, मग साखळी लावली. स्वतः पार भिजले की ओ. डिझेलचे पैसे द्यायला गेलो तर हातच मागं ढकलला.

त्यांच्या घरातल्या अज्जीनं "ऊटा माड्री" (जेवा) म्हणत ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी पुढं ठेवली, अंगणात गुडघाभर चिखल आणि ती आम्हाला विचारतेय अजून पाहिजे का.

नाव विचारायचं राहिलंच. मामा, ताडपत्री अजून माझ्याकडेच आहे, माळ्यावर घडी करून ठेवलीय.