अहवाल हवा, अल्बम नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

निवडून आलेल्या सदस्याने आपल्या कामाचा हिशेब मतदारांना लेखी द्यावा, ही कल्पना पुणेकरांना नवी नाही. दर निवडणुकीच्या तोंडावर ‘कार्यअहवाल’ घरोघरी पोचतोच. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर हात जोडलेले छायाचित्र, आत नारळ फोडतानाची आणखी चाळीस आणि मलपृष्ठावर कोटींचा आकडा. एवढ्या पानांत एक गोष्ट मात्र सापडत नाही: कोणते काम झाले नाही आणि ते कोणाच्या टेबलावर अडले आहे. वाचणाऱ्याला नेमके तेच हवे असते.

या बाबतीत ब्रिटनमधल्या वेल्सच्या ग्रामीण भागाकडे पाहण्यासारखे आहे. वेल्समध्ये २२ स्थानिक परिषदा आहेत आणि त्यांच्या खाली, आपल्या ग्रामपंचायतींच्या जागी धरता येतील अशा, सातशेहून अधिक कम्युनिटी व टाउन कौन्सिल. २०११ च्या स्थानिक शासन कायद्याच्या पाचव्या कलमानुसार प्रत्येक परिषदेला आपल्या सदस्यांना वार्षिक अहवाल देता येईल अशी व्यवस्था करावी लागते आणि आलेले अहवाल प्रसिद्ध करावे लागतात. मजकूर कसा असावा यावर परिषद अटी घालू शकते. २०२१ च्या कायद्याने कम्युनिटी कौन्सिललाही वार्षिक अहवाल बंधनकारक केला. शिवाय सभा झाल्यावर कामकाजाच्या सात दिवसांत तिचे टिपण बाहेर आले पाहिजे: हजर कोण होते, कोणी आपला हितसंबंध जाहीर केला, निर्णय काय झाला, मतदान झाले असेल तर निकाल काय. आता बारकावा असा की, सदस्यांच्या अहवालाबाबत सक्ती व्यवस्था करण्याची आहे आणि ती परिषदेवर आहे. सदस्याने लिहिलेच पाहिजे असे कायदा म्हणत नाही, त्यामुळे पळवाट तिथेही आहे. पण लिहिणाऱ्याला निदान साचा आणि जागा मिळते.

पॉविस ही काउंटी (म्हणजे त्या २२ पैकी एका परिषदेचा प्रदेश) घ्या. क्षेत्रफळ ५ हजार चौरस किलोमीटरहून जास्त, लोकसंख्या मात्र १ लाख ३३ हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्या महापालिकेच्या साधारण दीड प्रभागाएवढी. अख्ख्या काउंटीत मोठे जिल्हा रुग्णालय नाही. बऱ्याच रुग्णांना सीमेपलीकडे इंग्लंडमधल्या श्रूजबरीला किंवा हेरेफर्डला जावे लागते. म्हणजे प्रश्न आपल्या मुळशी, भोर, वेल्हे (आता राजगड) या तालुक्यांच्याच जातीचे: रस्ता, बस, शाळा, दवाखाना आणि ओढ्याचे पाणी.

अशा भागातल्या सदस्याच्या निवेदनाने पहिल्यांदा सांगायची गोष्ट म्हणजे काम कोणाच्या अखत्यारीत येते. कार्डिफहून उत्तरेला लँडडनोपर्यंत जाणारा ए ४७० हा रस्ता वेल्स सरकारच्या ताब्यात आहे; त्याला येऊन मिळणारे गावरस्ते काउंटी परिषदेचे. त्यामुळे ए ४७० वरच्या खड्ड्याबद्दल काउंटी सदस्य ‘पाठपुरावा केला’ एवढेच म्हणू शकतो, ‘बुजवला’ म्हणू शकत नाही. आपल्याकडेही कात्रज-देहूरोड बाह्यवळण राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचे, त्याचे सेवा रस्ते वादातले, शेजारचा विकास आराखड्यातला (डीपी) रस्ता महापालिकेचा, हद्द ओलांडली की पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), जिल्हा परिषद किंवा सार्वजनिक बांधकाम खाते, आणि मध्येच छावणी मंडळ. कार्यअहवालात मात्र हे सगळे रस्ते एकाच नेत्याच्या ‘प्रयत्नांतून’ होतात आणि खड्डे पडले की कोणाचेच नसतात.

अखत्यारीचा घोळ सगळ्यांत महाग पडतो तो पुराच्या वेळी, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर. वेल्समध्ये मुख्य नदीची जबाबदारी ‘नॅचरल रिसोर्सेस वेल्स’ या संस्थेची. लहान ओढे आणि जमिनीवरून वाहणारे पावसाचे पाणी काउंटीकडे. सांडपाण्याच्या वाहिन्या पाणी कंपनीकडे. रस्त्याकडेची गटारे ज्याचा रस्ता त्याच्याकडे. आणि ओढ्याकाठच्या जमिनीच्या मालकालाही प्रवाह मोकळा ठेवण्याचे कर्तव्य आहे. शेतातली मोरी पाला-फांद्यांनी तुंबली तर बहुतेक वेळा ती साफ करणे त्याचे काम. घरात पाणी शिरलेल्या माणसाला यातले काही माहीत नसते. यासाठी इंग्लंड-वेल्सच्या २०१० च्या पूरविषयक कायद्यात १९ वे कलम आहे. पूर आल्याचे कळले की, आवश्यक वाटेल तेथवर, काउंटीने चौकशी करायची: या पुराशी संबंधित अधिकार कोणकोणत्या संस्थांकडे होते आणि त्या प्रत्येकीने ते वापरले का, किंवा वापरणार आहे का? उत्तर प्रसिद्ध करायचे. सदस्याला आपल्या निवेदनात त्या अहवालाचा हवाला देता येतो. या कलमात दुरुस्ती करायला लावण्याची ताकद नाही, ही त्याची मोठी उणीव. पण निदान ‘ते आमच्याकडे येत नाही’ या वाक्याचा खरेखोटेपणा लेखी नोंदला जातो.

आता २५ जुलै २०२४ आठवा. खडकवासल्यातून मुठेत सुमारे ३५ हजार क्युसेकपर्यंत पाणी सोडले गेले आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांत शिरले. धरणाचा विसर्ग जलसंपदा खात्याचा. निळ्या रेषेच्या आतल्या बांधकामांवर कारवाई महापालिकेची. लोकांना वेळेत सावध कोणी करायचे, याचे उत्तर खात्याखात्यांच्या समन्वयात. (निळी रेषा म्हणजे २५ वर्षांत एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांत एकदा येऊ शकणाऱ्या पुराची.) त्याआधी २५ सप्टेंबर २०१९ ला आंबिल ओढ्याने केलेला कहर वेगळ्या जातीचा होता. तिथे खडकवासल्याच्या विसर्गाचा संबंध नव्हता. ढगफुटीसारखा पाऊस, अरुंद झालेले पात्र आणि ओढ्यात कोसळलेल्या सीमाभिंती. नदीचा पूर आणि ओढ्याचा पूर यांची कारणे वेगळी, उपाय वेगळे आणि जबाबदार खातीही वेगळी. ‘पूरग्रस्तांना मदतवाटप’ या एका छायाचित्राखाली दोन्ही झाकून टाकले की पुढच्या पावसाळ्यापर्यंत काय बदलले, हे कोणालाच विचारता येत नाही. अशा प्रभागातल्या सदस्याने मे महिन्यात इतके लिहिले तरी पुरे: ओढ्याची लांबी अमुक मीटर, पैकी गाळ काढला अमुक मीटर, गाळ काठावरच ठेवला की उचलून नेला, कोणत्या कल्व्हर्टचे (मोरीचे) तोंड अजून बंद आहे, पडलेल्या सीमाभिंतींपैकी किती उभ्या राहिल्या. गाळ काठावर ठेवला तर पहिल्याच मोठ्या सरीत तो परत पात्रात येतो, आणि बिल मात्र निघालेले असते.

शाळांची गोष्ट थोडक्यात. वेल्सच्या २०१८ च्या सुधारित नियमावलीत ग्रामीण शाळा बंद करण्याच्या विरोधात गृहीतक आहे, म्हणजे बंदच का करायची हे परिषदेने सिद्ध करायचे. सल्लामसलतीला किमान ४२ दिवस, त्यांतले २० शाळेचे कामकाजाचे. मग नोटीस, हरकतींना २८ दिवस, त्यांतले १५ शाळेचे. सुट्टीत नोटीस काढून मोकळे होता येत नाही! आपल्याकडे २०२३ मध्ये कमी पटाच्या शाळांच्या समूह शाळा करण्याचा विचार पुढे आला, तेव्हा पानशेतच्या समूह शाळेचे उदाहरण दिले गेले. ज्या गटात अशा शाळा आहेत तिथल्या जिल्हा परिषद सदस्याने पट, शिक्षकसंख्या, नव्या शाळेचे अंतर, गाडी कोणाची, ती पावसाळ्यात घाटातून येणार का आणि हरकत कोणाकडे किती तारखेपर्यंत द्यायची, हे कळवावे. ‘शिक्षणाच्या दर्जाशी तडजोड नाही’ हे वाक्य कळवू नये.

तारखेचा मुद्दा वाहतुकीलाही लागू आहे. वेल्समध्ये १७ सप्टेंबर २०२३ पासून पथदिवे असलेल्या वस्तीतल्या रस्त्यांवर वेगमर्यादा ताशी ३० मैलांवरून २० मैलांवर, म्हणजे सुमारे ३२ किलोमीटरवर आली. विरोधी अर्जावर साडेचार लाखांहून अधिक सह्या झाल्या. मग एखादा रस्ता पुन्हा ३० वर न्यायचा तर मसुदा आदेश, जाहीर नोटीस, हरकतींना २१ दिवस, निर्णय आणि नंतर फलक. गावकऱ्याला यातला कोणता टप्पा चालू आहे ते कळले की तो त्या टप्प्यावर बोलू शकतो. आपल्याकडे गतिरोधक हा सर्वपक्षीय जिव्हाळ्याचा विषय. इंडियन रोड्स काँग्रेसच्या जुन्या मानकात ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असा गोलसर गतिरोधक सांगितला आहे, सोबत पट्टे आणि आधी फलक. प्रत्यक्षात हातभर रुंदीचा उंचवटा एका रात्रीत येतो, रंग नाही, फलक नाही, आणि पावसाचे पाणी त्याच्या अलीकडे साचून तिथेच खड्डा पडतो. कार्यअहवालात मात्र ‘गतिरोधक बसविले: १४’.

मूळ दुखणे ‘प्रस्तावित’ आणि ‘प्रगतिपथावर’ या दोन शब्दांत आहे. महापालिकेच्या कामाचे टप्पे ठरलेले असतात: अंदाजपत्रकात तरतूद, पूर्वगणनपत्रक (कामाच्या खर्चाचा अंदाज), तांत्रिक मान्यता, निविदा, स्थायी समितीची मंजुरी, करार, कार्यादेश, प्रत्यक्ष काम, मोजमाप पुस्तिकेत नोंद, देयक आणि शेवटी दोषदायित्व कालावधी, म्हणजे बिघाड झाल्यास ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करण्याची मुदत. ‘स’ यादीत (सदस्यांनी सुचवलेल्या कामांच्या यादीत) काम आले म्हणजे फक्त पैशाची पाटी लागली. ते पैसे वर्षाच्या मध्यात वर्गीकरणाने दुसऱ्या कामाकडे जाऊ शकतात, आणि जातात. भूमिपूजन बऱ्याचदा कार्यादेशाच्या आधी उरकले जाते, म्हणून फलक लागून वर्ष झाले तरी खडी पडत नाही. पूर्वगणनपत्रक करताना पाणीपुरवठा, मलनिस्सारण आणि विद्युत विभागाला विचारले नाही, तर नव्या काँक्रीटवर सहा महिन्यांत कटर चालतो. काम निविदेच्या मर्यादेखाली बसवण्यासाठी एकाच गल्लीचे तीन तुकडे केले की तिन्हींचा उतार वेगळा होतो आणि पाणी सांध्यावर थांबते. दोषदायित्व कालावधी कधी संपतो हे जाहीर नसल्याने ठेकेदाराने फुकट करायची दुरुस्ती पुन्हा आपल्याच करातून होते. माझ्या मते अहवालातला सर्वांत उपयुक्त रकाना हाच, दोषदायित्व संपण्याच्या तारखेचा.

चार सदस्यांच्या प्रभागामुळे तर गुंता वाढला आहे. एकाच कामावर चौघांचे फलक आणि अडलेल्या कामावर एकाचाही नाही. समाविष्ट गावांची अवस्था याहून चमत्कारिक. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे शहरात आली (त्यांतली उरुळी देवाची व फुरसुंगी पुढे बाहेर काढली गेली). ग्रामपंचायत गेली तशी ग्रामसभाही गेली. वर्षाला किमान चार सभा, गणपूर्तीला १५ टक्के किंवा १०० मतदार, ज्या चौथऱ्यावर सरपंचाला उभे करून विचारता येत होते तो चौथराच गेला. त्यात मार्च २०२२ मध्ये महापालिका आणि जिल्हा परिषद दोन्हींवर प्रशासक आले, त्यामुळे दीर्घ काळ विचारायला सदस्यही नव्हता. शहरांसाठी ग्रामसभेसारख्या क्षेत्रसभेची तरतूद २००९ पासून कायद्यात आहे. ती कायद्यातच आहे.

म्हणून मागणी लहानशी. महापालिकेच्या मुख्य सभेने एक ठराव करून साचा ठरवावा: तीन महिन्यांनी एक कागद, दोन बाजू, छायाचित्र नाही, पक्षचिन्ह नाही, चौघांचा मिळून एकच. प्रत्येक कामापुढे सहा रकाने: ठिकाण (कुठून कुठपर्यंत, मीटरमध्ये), अखत्यारी, सध्याचा टप्पा व तो गाठल्याची तारीख, पुढचा टप्पा कोणत्या विभागाकडे आहे, रक्कम (मंजूर किती व देयक किती), आणि दोषदायित्व संपण्याची तारीख. खाली दोन ओळी हजेरीच्या, मुख्य सभा आणि प्रभाग समिती. आणखी एक ओळ रद्द झालेल्या किंवा वर्गीकरणात गेलेल्या कामांची. माहिती नव्याने गोळा करायची नाही. ती क्षेत्रीय कार्यालयातल्या कनिष्ठ अभियंत्याकडे आजही असते. माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमानुसार ती मागण्याआधीच जाहीर करायची आहे, आणि याच महापालिकेने २००९ मध्ये सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत फायली नागरिकांना पाहायला खुल्या करण्याची पद्धत सुरू केली होती.

भाषेचेही पाहावे. वेल्समधल्या परिषदांना कायद्याने वेल्श आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत लोकांशी व्यवहार करावा लागतो. आपल्याकडे स्थानिक प्राधिकरणांचा कारभार मराठीत करण्याचा कायदा २०२२ मध्ये झाला, तरी निविदेचे आणि मोजमापाचे कागद वाचायला इंग्रजी लागतेच. निदान हा एक कागद मराठीत असावा, आणि त्यात ‘बीओक्यू’ न लिहिता ‘किती आणि कोणत्या दराने’ असे लिहावे.

वितरणाच्या खर्चाची सबब कोणी काढू नये. १५ क्षेत्रीय कार्यालयांचे फलक, वॉर्डातली वाचनालये, सोसायट्यांच्या नोटीस बोर्डावर एकेक प्रत. पहिला कागद येत्या पावसाळ्याआधी निघाला तर त्यात ओढे आणि पावसाळी गटारांचे रकाने सर्वांत वर असावेत.

आपला,
एक नागरिक
कोथरूड, पुणे