अंक विझल्यावरही हात लावू नकोस

श्टुटगार्ट, २१ सप्टेंबर

चि. ओंकार यास मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. दिवाळीच्या सुट्टीत निक्सी नळ्यांचे (निऑन भरलेल्या काचेच्या, आत अंक उजळणाऱ्या नळ्यांचे) घड्याळ करण्याचा तुझा बेत मला मनापासून आवडला. मात्र "अडॅप्टर फक्त १२ व्होल्टचा आहे, तेव्हा शॉकची भीती नाही" हे तुझे वाक्य वाचून हे पत्र लगेच लिहायला बसलो.

१९५५ साली अमेरिकेतील बरोज कंपनीने बाजारात आणलेल्या या नळ्या असोत किंवा तू मागवलेल्या सोव्हिएत आयएन-१४, आतला निऑन पेटण्यासाठी साधारण १७० व्होल्ट डीसी लागतात. ते तुझ्या किटमधले कॉइलचे छोटे सर्किट १२ व्होल्टपासूनच तयार करते आणि बाहेर पडणाऱ्या टोकावरच्या कपॅसिटरमध्ये साठवते. नळीच्या अॅनोडला (धन टोकाला) जोडलेला रेझिस्टर प्रवाह दोन-तीन मिलिअँपिअरवर रोखतो हे खरे, परंतु त्या रेझिस्टरच्या अलीकडे, म्हणजे थेट कपॅसिटरवर बोट पडले, तर तो तुझ्या मदतीला येत नाही.

माझी स्वतःची फजिती सांगतो. मी अशाच घड्याळातून अडॅप्टरचा जॅक उपसला, अंक विझले आणि आता वीज गेली असे समजून बोर्ड उचलला. त्याच क्षणी असा झटका बसला की हात आपोआप मागे फेकला गेला, कोपर टेबलावर आपटले आणि एक नळी फुटली. (काचेचा तुकडा तळहातात शिरला, तो काढताना झालेला त्रास शॉकपेक्षा जास्त होता.) कारण नंतर उमगले: व्होल्टेज एका मर्यादेखाली उतरले की निऑन विझतो आणि वीज वाहून नेणारी वाटच बंद होते, त्यामुळे शंभरएक व्होल्ट कपॅसिटरमध्ये तसेच उरतात व फार सावकाश गळतात.

त्यावर उपाय स्वस्त आहे. १० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरच्या दोन टोकांमध्ये ४७० किलोओमचा रेझिस्टर कायमचा जोडला, की जॅक काढल्यावर साधारण पंधरा सेकंदांत व्होल्टेज दहाच्या खाली येते. तरीही आधी मल्टिमीटरने मोजावे, आणि चालू बोर्डावर काही तपासायचेच असेल तर डावा हात खिशात ठेवावा, म्हणजे प्रवाह एका हातातून छातीमार्गे दुसऱ्या हातात जाणार नाही. ऑक्टोबरच्या उकाड्यात घामेजलेल्या बोटांचा रोध बराच कमी झालेला असतो, हेही ध्यानात असू दे.

आजोबांच्या पितळी डब्यात घड्याळ बसवण्याची कल्पना देखणी आहे, पण एखादी तार सुटून डब्याला टेकली तर डबाच १७० व्होल्टचा होईल. एका हातात डबा आणि दुसऱ्या हाताचे बोट जॅकच्या धातूच्या कडेवर, एवढे झटका बसायला पुरेसे आहे. आतून अॅक्रिलिकचे अस्तर लाव आणि बोर्ड नायलॉनच्या स्क्रूंवर उभा कर. घरात ईएलसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवला आहे म्हणून ताई निश्चिंत असेल, तर तिला सांग की तो फेज आणि न्यूट्रलमधल्या प्रवाहातला फरक पाहतो; अडॅप्टरच्या पलीकडच्या, मेन्सपासून (घरातल्या वीजपुरवठ्यापासून) विलग असलेल्या सर्किटमध्ये तुझ्या अंगातून काय वाहते आहे हे त्याला कळतच नाही.

ट्रान्सफॉर्मरचा खर्च वाचवण्यासाठी २३० व्होल्ट थेट डायोडमधून घेणारी जी रेखाकृती तू पाठवली आहेस, ती मात्र फाडून टाक. तिथे कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट येतात आणि सगळा बोर्डच मेन्सला जोडलेला राहतो. याबाबतीत मी काही ऐकून घेणार नाही.

४७० किलोओमचे दहा रेझिस्टर या कागदाला टाचून पाठवत आहे. त्यातला एक बसवल्याखेरीज कॉइलला वीज देऊ नकोस.

ताई आणि भाऊजींना सा. नमस्कार.

तुझा,
मामा