लघवीची टेस्ट केलीस का?

बाबू,

काल फोनवर तुझ्या डायबिटीसचा विषय निघाला तर म्हणालास शुगर १२० आहे, सगळं ओके, आणि ठेवलास पण फोन. मी गप्प बसले कारण ह्याच वाक्यावर आम्ही इथे बारा वर्षं काढली. तुझ्या बाबांची फास्टिंग कधी १३० च्या वर नाही, रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीने बाहेर टाकायचा कचरा) पण नॉर्मल, मग किडनीचा विषय कशाला काढायचा. मार्चमध्ये फोंड्याच्या नव्या डॉक्टरांनी लघवीतला अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो, म्हणजे लघवीतून प्रोटीन किती जातं ते, करायला लावला. ३० च्या आत हवा, आला २४०. मला वाटलं लॅबवाल्यांनी बाटल्या बदलल्या, भांडायलाच निघाले होते, पण डॉक्टर म्हणाले ताप, इन्फेक्शन असलं तरी वाढतो, परत करू. परत २१०.

क्रिएटिनिन म्हणे उशिरा वाढतं, किडनीचं बरंच काम गेल्यावर. प्रोटीन त्याच्या कितीतरी आधी झिरपायला लागतं आणि दुखत नाही खुपत नाही, कळणार कसं. खरी धास्ती पुढच्या बोलण्याने बसली, की किडनीची ही गाळणी झिरपते म्हणजे हार्टच्या रक्तवाहिन्यांवरही लक्ष ठेवायला हवं, असल्या बऱ्याच पेशंटना डायलिसिसच्या आधी हार्टच गाठतं. आणि डायबिटीसवाल्यांना कधीकधी छातीत दुखतही नाही, नुसता दम लागतो, घाम येतो. बाबांना देवळाच्या पायऱ्या चढताना दम लागायचा तो आपण वयावर ढकलला ना. (हार्टचा इको केला, तो बरा निघाला, देव पावला.)

आता बीपी १३०/८० च्या आत ठेवायचंय, आणि डॅपाग्लिफ्लोझिन सुरू केलीय, शुगर लघवीतून बाहेर टाकते पण दिलीय ती किडनी आणि हार्टसाठी. गुडघ्यासाठी फार्मसीतून आणायचे त्या डायक्लोफिनॅकच्या दुखण्यावरच्या गोळ्या किडनीला बाधतात म्हणून बंद, त्यावरून घरात दोन दिवस अबोला. मीठ कमी करायचं म्हणून खारा बांगडा बंद, सुक्या सुंगटांचं किसमूर पण. शेजारीण कमी सोडियमवालं मीठ घेऊन आली तर त्यात पोटॅशियम, ते बाबांच्या बीपीच्या गोळीबरोबर चालत नाही म्हणे, परत दिलं.

तुला डायबिटीस आत्ताच निघालाय म्हणून अजून वेळ आहे असं धरू नकोस, टाइप टू कळायच्या आधीच कितीतरी वर्षं अंगात असतो, म्हणून ही टेस्ट पहिल्या दिवसापासून दरवर्षी. सकाळची पहिली लघवी दे आणि ईजीएफआर (किडनी किती गाळते तो रक्ताच्या टेस्टचा आकडा) पण बघून घे. रिपोर्टचा फोटो मला पाठव, बाबांना नको, ते आपल्या आकड्याशी ताडत बसतील. आणि चवथीला गोड नेवऱ्या मोजून करणार आहे, त्यात तू मध्ये पडू नकोस.

आई