आधी माणूस शांत होऊ दे

प्रिय मित्रा,

पत्र मिळालं. समुपदेशनात समोरचा माणूस रडायला लागला की तू त्याचे विचार तपासायला घेतोस आणि तो गप्प होतो, असं लिहिलंयस. तुझी पद्धत बरोबर आहे, फक्त क्रम बदल.

अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ आरॉन बेक यांनी 1960च्या दशकात विचारांवर काम करायची जी रीत घडवली, ती मीही रोज वापरतो. पण हुंदके देणाऱ्याला "असं वाटायला पुरावा काय?" विचारलं, तर त्याला ती उलटतपासणीच वाटणार. आधी शरीर. दोन्ही पाय जमिनीला टेकवायला सांग, श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावू दे आणि तूही सोबत कर. मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहन यांच्या उपचारपद्धतीत भावनेचा भडका उडाला की गार पाण्यात चेहरा बुडवायला सांगतात. त्याने हृदयाचे ठोके मंदावतात, म्हणून हृदयविकार आहे का हे विचारल्याशिवाय सुचवू नकोस.

उदास माणसाच्या बाबतीत तर मी विचारांकडे फारच उशिरा वळतो. "बरं वाटलं की करेन" असं तो म्हणतो, आणि काहीच न केल्याने बरं वाटत नाही. अशा वेळी "रोज फिरायला जा" हा सल्ला डोंगराएवढा होतो. त्यापेक्षा उद्या सकाळी 8 वाजता अंगणात खुर्ची टाकून चहा प्यायचा, एवढंच ठरव. मग खोदून विचार: खुर्ची कुठे असते? चहा कोण करतं? उठावंसं वाटलं नाही तर काय करायचं? उत्तरं त्याच्याच हाताने कागदावर लिहून घे. चहाआधी आणि चहानंतर मन किती जड होतं, याला 0 ते 10 मध्ये आकडा द्यायला सांग. पुढच्या वेळी तो कागद सर्वांत आधी माग. विचारायचं राहिलं की गृहपाठ दुसऱ्या आठवड्यात बंद पडतो.

आता तू पत्रात ओझरतं लिहिलेलं, त्या एकाच्या मनातल्या आत्महत्येच्या विचारांबद्दल. जीव द्यावासा वाटतो का, हे स्पष्ट शब्दांत विचार. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर हो आलं, तर त्याला घाईने धीर देऊ नकोस. कसं करायचं ठरवलंय, साधन हाताशी आहे का, हे विचार. तुझ्याकडे शेतकरी कुटुंबं येतात, तेव्हा फवारणीचं औषध घरात कुठे ठेवतात हे विचारायलाच हवं. त्याच्या संमतीने घरातल्या एकाला बोलावून ते कुलपात घालायला लाव, किल्ली दुसऱ्याकडे. धोका अगदी समोर दिसत असेल तर संमतीसाठी थांबू नकोस. घरच्यांना कळव, मानसोपचारतज्ज्ञाकडे त्याच दिवशी पाठव. रात्री-अपरात्रीसाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर त्याच्या मोबाइलमध्ये तुझ्यासमोरच सेव्ह होऊ दे.

ही केस एकट्याने अंगावर घेऊ नकोस. नाव-गाव वगळून टिपणं काढ आणि रविवारी फोन कर, मी दुपार मोकळी ठेवतो.

तुझा मित्र